रिकाम्या घराचा पहारा

इंद्रभानरावांचा ट्रॅक्टर चिखलीच्या रस्त्याला लागला असेल-नसेल, तोच हॉलमध्ये बारीक टिक वाजलं आणि खोलीतला पंखा थांबला. सत्यभामाबाई पलंगावर बसल्या त्या बसल्याच राहिल्या. आता उठायची सोय नव्हती.

दहा दिवसांपूर्वी गावात, उंद्रीत, लागोपाठ दोन चोऱ्या झाल्या, तेव्हा मुलगा सागर पुण्याहून येऊन हे सगळं लावून गेला होता. हॉलच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा, गच्चीवर भोंगा. ते त्यानं दिव्यांशी, पंख्यांशी आणि वडिलांच्या, इंद्रभानरावांच्या, मोबाइलशी जोडलं. "बाबाचा फोन गावाबाहेर गेला का घर सोताच पहारा लावते, पंखे बंद करते. फोन वापस आला का पहारा काढते. कोनाले काही कराचं काम नाही." घरात फोन तेवढा एकच. सत्यभामाबाईंना कधी लागलाच नव्हता.

मागच्या मंगळवारी त्या मेथी निवडायला अंगणात निघाल्या आणि भोंगा सुरू झाला. गल्ली दारात जमली. इंद्रभानराव सोयाबीनचा लिलाव सोडून परतले आणि चारचौघांत म्हणाले, "जागेवर बसता येत नाही का तुले?" सागर म्हणाला, रविवारी पाहतो, तोवर आईनं खोलीतच बसावं, खोलीत डोळा नाही. रविवार आला आणि गेला.

पाणी, स्वयंपाकघर, मोरी, सगळं हॉलपलीकडे. नऊचे अकरा झाले, तांब्या रिकामा झाला. शेजारची पुष्पांजली खिडकीशी आली.

"काकू, घामानं भिजून अशा काऊन बसल्या?"

"बाहेर पाय टाकला का बोंबलते ते."

"काकाले फोन लावू?"

"नको. चिडतीन." मग हळूच म्हणाल्या, "मले मोरीत जाचं आहे वं."

पुष्पांजली खिडकीच्या गजांकडे बघत राहिली. "मंग जा ना, काकू."

आणखी पाव तास त्या गुडघे आवळून बसल्या. शेवटी उठल्या, पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडला. भोंगा कोकलायला लागला. त्या पळाल्या नाहीत. मोरीत जाऊन आल्या, माठातलं दोन पेले पाणी प्याल्या. तोवर पुष्पांजलीनं आपला फोन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुढं केला. पलीकडे सागर होता.

"आई, तू खोलीतच आहे ना? घरात कोन घुसलं?"

"मी आहो घरात."

"तू नाही, दुसरं कोन?"

"दुसरं कोन राह्यते इथं, सागर?"

सागरनं तिकडूनच बटण दाबलं. भोंगा थांबला.

शनिवारी सागर एक जुना फोन घेऊन आला. तोही घराला जोडला आणि आईला म्हणाला, "हा कमरेलेच ठेवत जाय. तू घरात असली का पहारा लागनच नाही."

"अन् मी कुठी गेली तं?"

"तं मले समजन."

पुढच्या मंगळवारी इंद्रभानराव गेले तरी पंखा फिरत राहिला. सत्यभामाबाई सगळ्या घरातून एकदा फिरून आल्या. दुपारी पुष्पांजलीकडे पापड लाटायला बसल्या. पहिली लाटी हातात घेतली आणि कमरेचा फोन थरथरला.

"आई, कुठी गेली?" सागरनं सहज विचारलं. "घर खाली दिसून राह्यलं."

"इथंच आहो," त्या म्हणाल्या. लाटी परातीत ठेवली, हात पुसले आणि घराकडे निघाल्या.