खाष्ट आजीची रांग

आमच्या पार्कात थंडीच्या सुट्ट्यांत मेळा लागतो. खोटा बर्फ, दिव्यांची झाडं आणि मधोमध माझी खोली. बाहेर पाटी, 'खाष्ट आजी'. लोक तिकीट काढून आत येतात आणि माझी बोलणी खाऊन जातात. ढेरपोट्या साहेबाला मी विचारते, "पोटाचं तिकीट वेगळं काढलंस का रे?" तो तेच पोट धरून हसतो आणि बायकोला फोटो काढायला लावतो. हे मला कुणी शिकवलं नाही. जीभ माझी स्वतःची आहे.

माझा मुलगा त्याच मेळ्यात अस्वल होतो, सून तिकिटं फाडते. मेळा बंद म्हणजे तिघंही घरी. त्यामुळे नवा मॅनेजर म्हणाला, "यंदाचं बघून मालक ठरवतील, ठेवायचा की गुंडाळायचा," तेव्हा मी मनात आधी तिघांचे पगार मोजले. त्याला दिसू दिलं नाही एवढंच.

"आजी, गर्दी कमी होतेय. लोकांना आता गोड आजी हवी. गालावरून हात फिरवणारी."

"मग तुझ्या आईला बसव. वाईटाला गोड म्हणायची सवय तिला तुला वाढवताना लागलीच असेल."

तो हसला नाही. "मालक येतील त्या दिवशी तुमच्या सूनबाई बसतील. त्यांच्याशी बोलणं झालंय."

माझ्याशी नाही, सुनेशी! घरी येऊन मी तिला विचारलं, "माझ्या खुर्चीवर डोळा कधीपासून गं?"

"आई, खुर्ची वाचवायची तर कुणीतरी बसायला हवं ना," ती कपडे पिळत म्हणाली. माझी मान हातात असावी तशी पिळत होती. मुलगा बुटाच्या नाड्या सोडत बसला. असल्या वेळी त्याला नाड्यांत फार गाठी सापडतात.

मालक आले त्या दिवशी ती माझी शाल पांघरून माझ्या खुर्चीत बसली. "ये बाळा, थंडी वाजते का?" असं एकेकाला विचारायची. लोक आत जात आणि परक्याच्या घरातून निघावं तसे अंग चोरून बाहेर येत. रांग पांगली. मालक जांभया द्यायला लागले, मॅनेजरचं तोंड उतरलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण मालकांच्या प्रत्येक जांभईबरोबर आमच्या तोंडचा घास जात होता. म्हणून मी तिकीट काढलं आणि आत शिरले.

"बघा मंडळी, ही गोड आजी! साखरेला मुंगी लागावी तशी माझ्या घराला लागलीय. बोल की गं, आज तोंडात गुळणी धरलीयस का?"

मला वाटलं, ती एखादा टोमणा परतवील, लोक हसतील, काम भागेल. माझा अंदाज चुकला.

ती ताडकन उठली. "बोलू? माझी आई गेली तेव्हा मला काय म्हणालात? 'रडायला जा, पण भांडी घासून जा.' आणि हा तुमचा लेक! घरी आला तरी अस्वलाचं डोकं काढत नाही. का, माहितेय? तुम्हाला तोंड दाखवायला नको म्हणून!"

लोक खदाखदा हसले, टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, पाठ केलंय. अस्वल माझ्या शेजारीच उभं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते जागचं हललं नाही.

बाहेर रांग पुन्हा लागली. मालक खूश. "मेळा ठेवू! पण पुढच्या वर्षी दोघींची रोज अशीच जुंपली पाहिजे. नाही जमलं तर मग बंद."

सुनेने शाल माझ्या अंगावर टाकली. "मला नाही जमणार. इतक्या वर्षांचं होतं नव्हतं ते ओकून झालं. आता रोज कुठून आणू?"

मॅनेजर घरापर्यंत तिच्या मागे आला, "ताई, विचार करा, ताई." मुलगा दारातच मला म्हणाला, "आई, तू तिची माफी माग."

माफी! मी माफी मागितली तर तिच्या पोटात राग उरेल कसा? आणि राग उरला नाही तर हा पुढच्या थंडीत अस्वल कुठे होणार? ह्याला एवढंही कळत नाही. बापावर गेलाय.

सकाळी तिने चहा पुढे ठेवला. मी एक घोट घेतला आणि कप सरकवला. "भांडी विसळलेल्या पाण्यालासुद्धा यापेक्षा चव असते."

तिने कप उचलून मोरीत ओतला. दातओठ खाल्ले, पण बोलली नाही.

म्हटलं, साठू दे.