उत्तरेच्या भिंतीवरचा काबा

भिंत चार मीटर लांब, अडीच मीटर उंच. खिळे उपटले, भोकं बुजवली.

काळ्या रंगाचे दोन डबे. आकाशाला उरेल तेवढा निळा.

"बघू," अब्दुल-मौजूद म्हणाला होता. टीव्हीवर पेनल्टी चालू होती.

शेजारच्या उम्म रिफअतच्या मते चित्रातल्या विमानाला खिडक्या जास्त झाल्या.

उंट जमत नाही. उंट नको.

रतीबा हजला निघायच्या आधी रीतीप्रमाणे दारोदार गेली. माझं काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका, असं प्रत्येकाला म्हणाली. भाजीवाल्याने माफ केलं. गच्चीवरच्या दोरीपायी जिच्याशी अकरा वर्षं अबोला होता, त्या उम्म रिफअतनेही रडून माफ केलं. शेवटी ती नवऱ्यासमोर उभी राहिली. तो म्हणाला, बघू. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिकडून तिने मुलाला फोन केला, सुनेला केला. नवऱ्याला निरोप आला की गॅस बंद करत जा.

नवऱ्याने माफ न करता केलेली हजयात्रा कितपत पोचते, हे अब्दुल-मौजूदला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारायची हिंमत नव्हती. फोनवर तोंड उघडेना. त्याने भिंत रंगवायला घेतली.

गावाकडे हाजी परतायच्या आत घराची दर्शनी भिंत रंगवून ठेवतात. अस्यूत शहरात चौथ्या मजल्याची दर्शनी भिंत घरमालकाची असते. उरला दिवाणखाना. पूर्वेला कपाट, दक्षिणेला बाल्कनी, पश्चिमेला दार. मोकळी होती ती उत्तरेची भिंत.

त्याने कॅलेंडरवरच्या मक्केच्या चित्रावर पट्टीने चौकोन आखले, भिंतीवर तेवढेच पण मोठे आखले, आणि रोज सात चौकोन भरले. पाणीखात्यात एकतीस वर्षं नकाशे असेच मोठे केले होते. काबा माणसापेक्षा उंच झाला. त्याच्याशेजारी पांढऱ्या कपड्यातली एक बाई. तिला चेहरा नव्हता. खाली लिहिलं, हज्जा रतीबा, हज कबूल होवो.

शुक्रवारी तिचं विमान उतरायचं होतं. गावाहून तिचा भाऊ हसनैन दहा माणसं घेऊन आधीच येऊन बसला. या घरात त्यांच्यापैकी कुणी कधी आलेलं नव्हतं. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची वेळ झाली. हसनैनने मक्केची दिशा विचारली नाही. समोर काबा होता. तो त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि बाकीचे त्याच्यामागे ओळीत.

अब्दुल-मौजूद सरबताचा ट्रे घेऊन आला आणि दारातच थांबला. नमाज पढणाऱ्याला हाक कशी मारायची? त्याने ट्रे खाली ठेवला आणि मागच्या ओळीत उभा राहिला.

रतीबा आली ती त्याच वेळी. उम्म रिफअत तिची पिशवी घेऊन मागे. नमाजाच्या शेवटचा सलाम फिरवून होईपर्यंत दोघी थांबल्या.

"अबू फतही," रतीबा नवऱ्याला म्हणाली, "मी तीन आठवडे जिथे होते ते बाल्कनीकडे आहे. या लोकांना तुम्ही कुठे पाठवताय?"

"अगं, भिंतीवर आहे ना," हसनैन म्हणाला.

"त्या भिंतीपलीकडे हिचं स्वयंपाकघर आहे."

उम्म रिफअत म्हणाली की आज मुलुखियाची भाजी आहे, पण सगळ्यांना पुरणार नाही.

नमाज पुन्हा झाला, बाल्कनीच्या कोपऱ्याकडे. मग अब्दुल-मौजूद एकेकापाशी जाऊन माफी मागू लागला. अकराही जणांनी दिली. हसनैनने सरबताचे दोन ग्लास संपवून दिली. शेवटी तो बायकोपुढे आला.

"रतीबा, मला माफ कर."

"रांगेत मी आधी आहे," ती म्हणाली. "मी जाण्यापूर्वीच मागितली होती."

सगळे ऐकत होते. अब्दुल-मौजूदने हात विजारीला पुसले.

"केलं," तो म्हणाला. "तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुझं काहीच माझ्या मनात नाही."

"मग माझ्याही नाही." ती चित्राकडे वळली. "ही जाडी कोण?"

"तू."

तिने ते बराच वेळ पाहिलं. पुसू नका म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने काब्याखाली मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : मागे वळा, मग थोडं डावीकडे.

ती हजला निघाली त्या दिवशी, 'बघू' म्हणाला असला तरी, तिची बॅग चार मजले त्यानेच खाली नेली होती.