प्रार्थनेचे अडतीस घोडे

"आकडा मागाहून बघायचा, पोरी. आधी हवा बघायची."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी इंजिनाचा जोर मोजणाऱ्या डायनोच्या खोलीशी आलं की आर्लेटाला त्यांचं हे वाक्य ऐकू यायचंच. त्या शनिवारी मात्र हवा बघायला जागाच नव्हती. बॉइड कोम्ब्सच्या गॅरेजात एवढी माणसं दाटली होती, की काचेपलीकडचं इंजिन दिसावं म्हणून काहीजण टायरांच्या चवडीवर चढले होते.

इंजिन तिघांचं होतं. आर्लेटा गावच्या शाळेत पोरांना यंत्रकाम शिकवायची; जुळणी तिची. डायनो बॉइडचा. आणि इंजिनात हवा जाण्याच्या वाटा घासून काचेसारख्या करायच्या, तो हात तिच्या धाकट्या भावाचा, व्हर्लिनचा. वसंतात ओहायोत स्पर्धा होती. गाडी नाही, रस्ता नाही. इंजिन नुसतं डायनोला जोडायचं, आकडा मोठा त्याची जीत. पूर्वीच्या खेपांना ते थोडक्यात मागे पडले होते. म्हणूनच तंबू घेऊन गावोगाव प्रवचनं करत हिंडणारे ब्रदर टॉलिव्हर "मी इंजिनावर हात ठेवून प्रार्थना करू का?" म्हणाले, तेव्हा बॉइड नाही म्हणाला नाही.

"बंधूंनो," ब्रदर काचेपुढे उभे राहून म्हणाले, "कार्ब्युरेटर दुकानात मिळतो. स्पार्क प्लग दुकानात मिळतो. पण श्वास? श्वास मिळतो का दुकानात?"

श्वास दुकानात मिळत नाही, एवढं सगळ्यांना पटलं. एवढं पटलं की पुढचं पटायला वेळ लागत नाही.

"माणूस खोटं बोलेल. मीही बोलेन, पापी आहे. पण हे यंत्र खोटं बोलेल का, बॉइड?"

"नाही, ब्रदर."

आधी नुसतं इंजिन पळवलं. सहाशे दहा हॉर्सपॉवर. मग ब्रदर आत गेले, इंजिनावर हात ठेवून डोळे मिटले, आणि कार्ब्युरेटरवर लोंबणाऱ्या छोट्या डबीवर तेल शिंपडलेलं प्रार्थनेचं कापड घातलं. "इथून हवा मोजतात ना? मग हीच हवा पवित्र करू." दार लावलं, इंजिन पुन्हा गर्जलं. सहाशे अठ्ठेचाळीस. एक स्क्रूसुद्धा कोणी फिरवला नव्हता.

बायका रडायला लागल्या. बॉइडने टोपी काढली. आणि व्हर्लिन गर्दीतून वाट काढत पुढे गेला, शर्टाची बटणं सोडून म्हणाला, "ब्रदर, माझ्याही आत एक झडप आहे."

शस्त्रक्रियेत हृदयात बसवलेली कृत्रिम झडप होती ती. रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी लागायची. ब्रदरनी त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून गोळ्यांची डबी फडताळात तशीच राहिली.

आर्लेटाला ते कळलं तेव्हा दोन आठवडे उलटले होते.

"गोळी घेतलीस?"

"कशाला? आकडा तू बघितलास ना?"

"आकडा इंजिनाचा होता, व्हर्लिन. तुझ्या छातीला डायनो जोडलेला नाही."

"झडप ती झडपच." तो हसला. स्वयंपाकघर इतकं शांत होतं की त्याच्या छातीतली टिकटिक ऐकू येत होती. "रोज पहाटे बायबलचं पान वाचल्याशिवाय तू कॉफीला हात लावत नाहीस. मग तुझाच विश्वास कसा गं कच्चा?"

हे मात्र तिला लागलं. जो भाऊ युक्तिवादाने ऐकणार नाही तो आकड्याने ऐकेल, एवढं तिने ओळखलं.

पुढच्या शनिवारी ब्रदर पुन्हा आले. कडाक्याची थंडी पडली होती. चर्चच्या बायकांनी शेगडीवर चांदीच्या कागदात बटाटे भाजायला लावले होते. आर्लेटा पहिल्यांदाच डायनोचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याजवळ उभी राहिली. कापड चढलं, इंजिन पळालं, आकडा वाढला, लोक हेलावले. तिने आकडा बघितला नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात हवेची उष्णता दिसत होती, ती बघितली. तिथे वैशाखवणवा पेटला होता; आणि तिच्या शेजारी बॉइडच्या तोंडून वाफ निघत होती.

"बॉइड, ते कापड काढून पुन्हा पळव."

"भगिनी," ब्रदर गोड आवाजात म्हणाले, "देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची नाही घेत, ब्रदर. बटाट्याची घेते."

कोणीतरी हसलं. कापडाविना आकडा पुन्हा सहाशे दहावर आला. मग आर्लेटाने शेगडीवरचा एक बटाटा उचलला, आपल्या रुमालात गुंडाळून त्या डबीला बांधला, आणि दार ओढून घेतलं. सहाशे बावन्न.

"चार घोडे जास्तच दिले की बटाट्याने," मागून आवाज आला.

"घोडे कोणीच दिले नाहीत," आर्लेटा म्हणाली. "गरम हवेत इंजिनाचा दम कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यात मोजलेलं इंजिन हिवाळ्यातल्यापुढे हरू नये, यासाठी हवा गरम असली की यंत्र हिशेबाने आकडा वाढवून दाखवतं. ती हवा मोजते ही डबी. डबी तापवा, यंत्र फसतं. इंजिन होतं तिथेच असतं."

तिने प्रार्थनेचं कापड झटकलं. आतून हरणाच्या शिकारीला बसताना हातमोज्यात ठेवतात ती गरम पुडी पडली. तसली पुडी नसलेलं घर त्या गावात नव्हतं.

बॉइड खाली बसला. "इतकी वर्षं डायनो चालवतोय. तो कोपरा मी बघतच नाही. आम्ही सगळे शेवटचा आकडा तेवढा बघतो."

"म्हणूनच त्यांना आपण सापडलो," आर्लेटा म्हणाली. "मीही रोज गुडघे टेकते. पण देवाला शिकाऱ्याची पुडी लागत नाही. जो चमत्कार उघडून बघू देत नाही, तो आधी उघडून बघा. आणि डॉक्टरची गोळी कोणाच्याही हातासाठी सोडू नका."

ब्रदरनी कापड घडी करून खिशात घातलं. "प्रभू साधनांतूनच काम करतो," असं म्हणत ते निघाले. अर्धी गर्दी त्यांच्यामागे गेली.

व्हर्लिन इंजिनाजवळ उभा होता. "सातवी वाट मी पुरी घासलीच नाही गं," तो हळूच म्हणाला. "आकडा मिळाला, म्हणून सोडून दिली."

"घरी चल. आधी गोळी. वाट राहिली तर मी घासून देईन, शब्द आहे माझा."

त्याने गोळी घेतली. पण रक्ताची जी गाठ आधीच धरली होती, ती गोळीला थांबली नाही. सोमवारी सकाळी कॉफीचा कप त्याच्या उजव्या हातातून सुटला, आणि त्याबरोबर वाचाही गेली.

ज्या बायकांनी बटाटे भाजले होते, त्यांतल्याच एकीने चर्चमध्ये आर्लेटाला ऐकवलं, "तू शंका घेतलीस म्हणून झालं. ब्रदर पुढच्या गावात तसंच सांगताहेत." आर्लेटा प्रार्थना पुरी होईपर्यंत बसून राहिली. बुद्धी मागितली, स्वतःसाठी आणि त्या बाईसाठीही. मग उठून दवाखान्यात गेली.

व्हर्लिनने तिला ओळखलं. डावा हात उचलून त्याने पाच बोटं दाखवली, मूठ मिटली, मग दोन दाखवली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

तिथून ती थेट गॅरेजात आली. सातव्या वाटेचा भाग बॉइडने इंजिनावरून उतरवून बाकावर ठेवला होता. व्हर्लिनने जिथे सोडलं तिथे त्याच्या खडूची रेघ अजून होती. तिने भिंतीवरचा तापमापक बघितला, चष्मा चढवला, आणि भावाचा ग्राइंडर उचलून त्या रेघेवर टेकवला.