नीमनचं घर

कुलगा वेलच्या शाळेत त्या वर्षी सहा मुलं उरली होती. ऑगस्टच्या पटमोजणीत आठ भरली नाहीत तर डिसेंबरात वर्ष संपताच शाळा बंद, असं खात्याचं पत्र फेब्रुवारीतच येऊन पडलं. ग्लेनिस फिट्झनर तिथली एकुलती एक बाई. चोवीस वर्षं तिने पाच वर्षांच्या पोरापासून बारा वर्षांच्या पोरीपर्यंत सगळ्यांना एकाच खोलीत शिकवलं होतं. पत्र वाचून ती रडत बसली नाही, मुलं शोधायला लागली.

मार्चमध्ये तिला तामा भेटला. मेंढ्यांची लोकर कातरायला न्यूझीलंडहून आलेला माओरी. बायको मेरे, चार मुलं आणि सगळा संसार एका कॅरव्हॅनमध्ये.

"घर मिळालं तर राहतो की," मेरे म्हणाली. "पोरांनी दोन वर्षांत पाच शाळा बघितल्यात, बाई. धाकटीला वाटतं, शाळा म्हणजे पाहुणं म्हणून जायची जागा."

घरांना काय तोटा? एकट्या रॉस बार्टेलकडे सात रिकामी घरं होती. कुणाचंही शेत विकायला निघालं की रॉसच घ्यायचा. शेतासोबत घर यायचं आणि घरातली माणसं जायची. नीमनचं कुटुंबही असंच गेलं होतं. शाळा समितीचा अध्यक्षही तोच.

ग्लेनिस त्याच्या शेडवर जाऊन उभी राहिली. "रॉस, नीमनचं घर दे मला. माणसं मिळालीत."

"भाडेकरू म्हणजे डोक्याला ताप गं. आज नळ गळतो, उद्या छप्पर."

"छप्पर तामा नीट करेल. चार मुलं आहेत, रॉस. चार!"

तो हसला. "तू काही ऐकायची नाहीस. जा, दिलं. ईस्टरनंतर दाखव त्यांना."

ईस्टरनंतरच्या शनिवारी ती त्यांना घेऊन गेली. पोरांचे केस विंचरलेले, मोठीने कुठली खोली आपली हे आधीच ठरवून टाकलेलं. वळण घेतलं, आणि समोर नुसतं शेत. घर नाही, अंगणातलं झाड नाही. ढकलून कोपऱ्यात लोटलेला दगडविटांचा ढीग तेवढा होता, त्यातून बाथटबचा एक पाय वर आलेला.

ग्लेनिसने तिथूनच फोन लावला.

"अरे देवा! डोक्यातून गेलंच बघ," रॉस म्हणाला. "बुलडोझरवाला पलीकडची झाडं काढायला आला होता, म्हटलं आलाच आहेस तर तेही काढ. नवं पेरणीयंत्र अठरा मीटरचं, घर मध्येच आडवं येत होतं."

"दुसरं एखादं दे मग."

"बाकीच्या घरांची वीज कधीच तोडलीय. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी शाळा असेल का रे?"

पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला.

मेरेने गाडीचं दार उघडलं. "चला, बसा गाडीत," एवढंच पोरांना म्हणाली. महिनाभरात ती सगळी शंभर कोस दूर निघून गेली.

ऑगस्टमध्ये सहाच मुलं भरली.

डिसेंबरात निरोपाचा कार्यक्रम झाला. रॉस बोलायला उभा राहिला. इथेच आपण वाचायला शिकलो, म्हणता म्हणता त्याने डोळ्यांना रुमाल लावला. डोळ्यांतलं पाणी खरं होतं, आणि नेमकं तेच ग्लेनिसला सोसवलं नाही.

"रॉस, नीमनचं घर पाडलंस त्या दिवशीच ही शाळा पाडलीस तू," ती उठून म्हणाली. "आता रडतोस कशाला?"

जो तो आपल्या हातातल्या कपाकडे बघत राहिला. बाकांवरच्या निम्म्यांनी त्याला शेतं विकली होती, उरलेले त्याचीच यंत्रं चालवत होते.

रॉसने शांतपणे रुमाल खिशात ठेवला. "तुमचंही शेत माझ्याकडेच आहे ना, ग्लेनिस? डेसची पाठ कामातून गेली तेव्हा घेतलेलं. तुम्ही मागितलात तोच भाव दिला होता."

डेस, तिचा नवरा, मान खाली घालून बसला. रॉस बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. मागितला तो भाव मिळतोय म्हटल्यावर त्या दिवशी तीच आधी 'हो' म्हणाली होती.

"शेवटच्या दिवशी हे शोभलं का गं तुला?" नणंद जॉइस तिच्या कानाशी पुटपुटली आणि सॉसेज वाढायला गेली. बाकीचीही उठली. रॉसभोवती चारपाच जण जमले, कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

फेब्रुवारीत शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. सकाळी सातला शहराच्या शाळेची बस ग्लेनिसच्या फाटकावरून जायची. जायला दीड तास, यायला दीड तास. पहिले काही दिवस सहाही मुलं तिला बघून हात करायची. मार्च उजाडेपर्यंत ती काचेला डोकं टेकून झोपलेली असायची.