सांडव्यावरचा हात

पाळीचा पाय ओला झाला होता.

ओला म्हणजे, दरसाल होतो तसा नाही.

आमदार देवाजी गभने बहिणीच्या घरामागे वाकून उभे होते. तिथे निंबाळ्याच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, संपतो आणि टोलीची, खालच्या वस्तीची, जमीन सुरू होते. गवताखालून पाणी झिरपत होतं. त्यांनी ते ओंजळीत घेतलं. गढूळ. दोन बोटांत चोळलं, तर बारीक रेती लागली.

नितळ पाणी झिरपलं तर पाळ नुसती घामेजली आहे. गढूळ आलं तर तिची माती आतून निघून चालली आहे. तलावाखाली शेती करणाऱ्याला हे वेगळं शिकावं लागत नाही.

"पाळ काय म्हनते?" धुरपताबाईनं विचारलं. ही त्यांची थोरली बहीण. नवऱ्यामागे ती टोलीत घर बांधून राहिली होती.

"काही नाही."

"काही नाही म्हनतेस, अन् बोटं धोतराले पुसून राहिला."

आमदारांनी पाळीकडे पाहिलं. पाळ उंच होती. तिच्यामागचं पाणी खालून दिसत नव्हतं. दिसत नव्हतं, म्हणून टोलीत चुली पेटल्या होत्या.

◦

बहात्तर साल.

त्या मार्चमध्ये नांगर सोडून ते विधानसभेत गेले होते. श्रावणात एकच झड आली. तलाव भरला आणि सांडव्यावरून जास्तीचं पाणी नाल्याला वाहून जाऊ लागलं. गाव खूश. देवाजींनी आभाळ पाहिलं आणि धोतर खोचलं. धानाचं तणस आणि चिकणमाती एकत्र मळून सांडव्याच्या तोंडावर त्यांनी गोळे रचले. वीतभर उंच. लोक हसले. भरल्या तलावाला कोणी झाकण घालतं का?

त्यानंतर पाऊस आलाच नाही.

धान गर्भावर होतं, लोंब्या अजून पोटातच. आजूबाजूची गावं करपली. निंबाळ्यात त्या वीतभर पाण्यानं नहराच्या टोकाच्या धानाच्या बांध्यासुद्धा पिकवल्या.

तेव्हापासून रीत पडली. पोळा झाला की नारळ फुटायचा आणि पहिला गोळा देवाजीभाऊ ठेवायचे. धान कापलं की पहिला गोळा भाऊच काढायचे. ज्याच्या हातानं पाणी बांधलं, त्याच्याच हातानं ते सोडायचं. मधल्या काळात त्या मातीला दुसऱ्या कोणी कुदळ लावायची नाही. कोणी लावलीही नाही.

◦

अठ्ठ्याहत्तर:
"...मी जिवंत असेपर्यंत तुमच्या तलावाचं पाणी वाया जाणार नाही..." (टाळ्या)

ऐंशी:
"...पाळीखालची ही सरकारी जागा आजपासून बेघरांची. घरं इथंच होतील. अन् माझी सख्खी बहीण इथं पहिलं घर बांधेल..." (टाळ्या)

पंच्याऐंशी:
"...टोलीत वीज आणली, रस्ता आणला. आता टोकाच्या शेतकऱ्याला काय पाहिजे? आणखी पाणी! सांडव्यावर आणखी एक वीत!..." (टाळ्या, बराच वेळ)

◦

प्रत्येक निवडणुकीला माती वीतभर चढली. असं कोणी ठरवलं नव्हतं. रोवणीच्या दिवशी भाऊ दरसाल बांधीत उतरत. आधी रोवायला उतरत, पुढे फोटोला.

आणि पाळ? पाळ जुनी. तिला कोणी वीतभर वाढवली नाही. पाळीला मत नसतं.

◦

आता एकोणनव्वदचा सप्टेंबर. फाल्गुनात निवडणूक. टोलीतून ते थेट सांडव्यावर गेले. कुदळ बहिणीच्या ओट्यावरून उचलली होती.

सांडव्यावर दहाबारा माणसं बसलेली. मधे केशवराव. निंबाळ्याचे सरपंच, टोकाच्या बांध्यांचे मालक आणि चारही निवडणुकांत भाऊंच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेले.

"या भाऊ! कुदळ? आमाले वाटलं, आमदार आता कुदळ फक्त भूमिपूजनाले धरते."

हशा झाला. भाऊ हसले नाहीत.

"केशव, पाळ गढूळ देऊन राहिली."

"दरसालच देते."

"दरसाल नितळ देते. तुले फरक समजते."

केशवरावांना फरक समजत होता. सगळ्यांनाच समजत होता. म्हणून कोणी पाळीकडे पाहत नव्हतं. सगळे समोर, आपल्या धानाकडे पाहत होते.

"मंग काढा न भाऊ," केशवराव म्हणाले. "तुमचा हात, तुमची माती. आमी कोन अडवनारे? फक्त आठ दिवस म्हनतो. धान गरभावर हाय. एकदा लोंब्या निसवल्या का मी सोता तुमच्या हातात कुदळ देतो."

"डोंगराकडं पाहा. आभाळ भरलं हाय. आज रातच्याले ते पानी इथं येईन."

"येईन तवा येईन."

"खाली टोली हाय गा!"

"टोलीत मतं किती, अन् टोकाच्या गावाईत किती, हे तुमाले मी सांगू?" केशवरावांनी बिडी विझवली. मग तब्येत विचारावी तशा आवाजात म्हणाले, "फाल्गुनात आमच्याच दारात यायचं हाय न, भाऊ?"

मोहाडीला तहसील कचेरीत एक निरोप पुरला असता. माणसं आली असती, सांडवा फोडला असता. पण निरोप कोणी दिला, हे सूर्य मावळायच्या आत गावोगाव कळलं असतं.

भाऊंनी कुदळ उचलली. एक घाव घातला. कुदळ बाहेर निघाली तेव्हा त्या खड्ड्यातून करंगळीएवढी धार उडाली.

कोणी उठलं नाही. कोणी ओरडलं नाही. सगळे त्या धारेकडे पाहत राहिले. घरातून कोणी भरलं पोतं उचलून नेत असावं तसे.

मग केशवरावांनी मूठभर माती घेतली आणि त्या भोकावर लावली. हळूच. लेकराचं नाक पुसावं तशी.

दुसरा घाव पडला नाही.

◦

दुसरा घाव का पडला नाही.

कारण भाऊंना युक्ती सुचली. विधानसभेत ती नेहमी चालायची. आपण नाही म्हणायचं नाही. समोरच्याला अशा जागी उभं करायचं की 'नाही' हा शब्द त्याच्याच तोंडून निघावा.

"बरं," ते म्हणाले. "मी मातीवरचा हात उचलला. आता ही माती तुमची. काढा का ठेवा. मी टोलीत धुरपताच्या अंगनात जाऊन बसतो. पाळ फुटली तर पहिलं पानी माझ्यावर येईन. माती निघाली असा निरोप येत नाही, तवापर्यंत मी हालत नाही."

आमदाराला कोण बुडवेल? माती काढतीलच. काढणारे हात त्यांचे, धान त्यांचं. आपल्यावर काही येणार नाही.

पाळीवरून खाली उतरताना त्यांना हलकं वाटत होतं.

◦

टोलीत धुरपताबाईनं तोवर आपलं काम केलं होतं. भावानं जे सांगितलं नव्हतं, ते तिनं घरोघरी सांगितलं होतं. रस्त्यावर बाया निघाल्या होत्या. डोक्यावर गाठोडी, काखेत लेकरं, एकीच्या हातात उलटी धरलेली कोंबडी. निम्मी टोली करडी गावाच्या वाटेला लागली होती.

भाऊ आले. त्यांनी अंगणात खाट टाकायला लावली. बसले.

"जा," ते म्हणाले. "चांगलं केलं. लवकर जा."

अंगणासमोरून निघालेल्या बायांत टोलीतली लीलाबाई पुढे होती. ती थांबली.

"अन् तुमी, भाऊ?"

"मी इथं बसतो."

"काहून?"

"बसतो. तू जा माय."

लीलाबाई हसली. डोक्यावरचं गाठोडं तिनं एका हातानं सावरलं. "आमाले म्हनते जा, अन् सोता खाट टाकून बसते. आपला जीव कोनाले जड झाला काय वो?" मागच्या बाईकडे वळून ती म्हणाली, "चाल वापस. भाऊ बसले म्हनजे काही नाई. ते धुरपताबाई उगाच घाबरवते."

गाठोडं खाली आलं. कोंबडी सुटली आणि ओरडत कुंपणाकडे पळाली.

"अवो, मी खरं सांगून राहिलो! पाळ जाते!"

"हो, हो. भाऊ, चहा ठेवू का?"

करडीच्या वाटेवर कोणीतरी पुढच्यांना हाक मारली. हाक पुढे पुढे गेली. मग तीच वाट उलटी भरू लागली. माणसं परत येत होती. धावत नाही, निवांत. मंडईहून आल्यासारखी.

धुरपताबाई दारात उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं.

◦

मग वरून केशवरावांचा गडी आला. धापा टाकत, पण हसत.

"भाऊ, सरपंचायनं सांगतलं, चिंता करू नका. तुमी टोलीत बसले, म्हनजे पाळ पक्की, असं सगळ्यायले पटलं. आमी उगाच भेलो होतो. आता त्यायनं अजून एक थर घातला."

"काय घातला?"

"थर. मातीचा. तुमी हात उचलला न, म्हनून त्यायनंच घातला. नारळ पन फोडला."

डोंगराकडे गडगडलं. इकडे ऊन होतं. अंगण आता भरलं होतं. कोणी खाटेच्या पायथ्याशी टेकलं, कोणी ओट्यावर. एका म्हाताऱ्यानं टोलीच्या नालीचं काम काढलं. दुसऱ्यानं निराधारच्या पगाराचं. एवढ्या जवळून, एवढा वेळ, आमदार कधी सापडत नव्हते.

धुरपताबाई गर्दीतून वाट काढत आली. भावाच्या कानाशी वाकली.

"ऊठ देवाजी."

"निरोप पाठवतो, आता माती..."

"निरोप नको. बोलू नको. पळ. तू पळशीन तर हे पळतीन. दुसऱ्या कशानं नाई पळत हे."

तिचं बरोबर होतं. ते त्यांना लगेच पटलं. तिची एखादी गोष्ट इतक्या लवकर त्यांना कधी पटली नव्हती.

ते उठले. खाटेवरच उभे राहिले. पुढे रस्ता मोकळा दिसत होता. उडी मारायची आणि धोतर धरून धावत सुटायचं, एवढंच. त्यांनी स्वतःला धावताना पाहिलं. मागे टोली धावताना पाहिली. आणि त्याच्याही मागे, पाळीवरून हे सगळं पाहणारे केशवराव आणि ती दहाबारा माणसं. पळणारा आमदार. फाल्गुनात हे गावोगाव सांगितलं गेलं असतं, हसत हसत.

पाय खाटेवरून उतरले नाहीत.

तोंड उघडलं.

"माझ्या भावांनो, बहिणींनो..."

अंगणातला गलका थांबला. बायांनी पदर सावरले. मागच्यांना दिसावं म्हणून पुढचे खाली बसले. मग त्यांच्या मागचे बसले. करडीच्या वाटेवरून जे अजून येत होते, त्यांनी डोक्यावरची गाठोडी उतरवली, जमिनीवर ठेवली आणि ते त्या गाठोड्यांवर बसले.

"बसा, बसा," लीलाबाई म्हणाली. "भाऊ बोलते."