कुठला परवा?

माझ्या तिकिटांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी गाव सांगतं, मग भाव विचारतं. हा पाहुणा मात्र आत पाऊल टाकत म्हणाला, "सगळ्यात स्वस्त विमान कुठलं?"

मी वरसुद्धा बघितलं नाही. "जायचं कुठं ते सांगा. का स्वस्त मिळालं तर कुठंही जाल?"

तो हसला तेव्हा कुठं मी मान वर केली. वय पासष्टीच्या आसपास, डोक्यावर टक्कल, बरोबर कपाटाएवढी बॅग. मराठी बोलत होता, पण एकेक शब्द खिसे चाचपून काढावा तसा. सात वर्षांचा असताना आई त्याला घेऊन परदेशी गेली. थोरली बहीण शाळेपायी आत्याकडे राहिली, ती कायमचीच. तिकडे आयुष्यभर त्याने शाळेची बस चालवली. आता निवृत्त होऊन बहिणीला भेटायला आला होता, आणि इथून तिच्या गावी जायचं विमान तीन दिवस स्वतःच मोबाइलवर शोधत होता.

"सगळं भरतो मी," म्हणाला. "रोज शेवटच्या पानावर मला बाहेर काढतात."

"काढणारच! बाहेरून आलेल्या सगळ्यांचं हेच रडगाणं. नाव विचारतील, वय विचारतील, खिडकी हवी का विचारतील, आणि पैसे घ्यायच्या वेळी म्हणतील इथला मोबाइल नंबर द्या, त्यावर आकडा पाठवतो. तुमच्याकडे इथला नंबर आहे?"

"नाही."

"मग बसा."

मी शोधायला लागले. बुधवार पहाटेचं एक विमान निम्म्याहून कमी भावात मिळत होतं. हा बुधवार नाही, पुढचा. म्हणजे आठ दिवसांनी. एकदा काढलं की पैसे परत नाहीत, म्हणून मी त्याला दोनदा विचारलं, चालेल का.

"चालेल. आता घाई नाही," म्हणाला. "घाई संपली."

त्याने कार्ड दिलं. नाकारलं. परत घातलं, परत नाकारलं. मशिनला मी अशा काही शिव्या घातल्या की शेजारचा किल्लीवाला डोकावून गेला. त्या कार्डाचे नंतर मनात किती आभार मानले ते माझं मला ठाऊक.

बँकेला फोन लावून मी ताटकळत बसले होते, तोवर त्याने बॅगेतून एक पाटी काढून दाखवली. पोरांची असते ना, लिहायचं आणि सरकपट्टी ओढून पुसायचं, ती.

"ताईसाठी," म्हणाला. "घशाचं ऑपरेशन झालं तिचं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. दर रविवारी फोन करायची मला. साठ वर्षांत आम्ही तीनदा भेटलो, बाकी सगळी बहीण मी कानानेच ऐकली. परवाच्या रविवारी मी फोन केला, कुणी उचललाच नाही. मग काल तिचा निरोप आला, की झालं."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. सोमवारचा निरोप होता. "ऑपरेशन परवा. काळजी नको. तिकीट महाग असेल तर थांब, निवांत ये."

मी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"अहो, झालं असं कुठं लिहिलंय यात?"

"परवा. म्हणजे शनिवारी. होऊन गेलं."

"परवा म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवससुद्धा!"

त्याने मान हलवली. "नाही हो. आमची आई म्हणायची, परवाच तर आलो आपण इकडे. चाळीस वर्षं म्हणत होती. परवा म्हणजे मागे."

"मागेही आणि पुढेही! काल लिहिलंय ना त्यांनी? मग काल, आज, उद्या... उद्या आहे ऑपरेशन! फोन लावा."

"तिला बोलता येत नसेल तर?"

"लावा म्हणते ना!"

त्याला नंबर सापडेना, शेवटी आकडे मीच दाबले. आवाज मोठा ठेवला. दोनदा वाजला आणि पलीकडून घोगरा, खणखणीत आवाज आला, "हॅलो! पोचलास का रे?"

पाहुणा फोन छातीशी धरून रडायला लागला.

"हॅलो? कोण मेलंय तिकडे, बोला तरी!"

मी फोन ओढून घेतला. "ताई, तुमचा भाऊ माझ्या दुकानात बसून रडतोय. मी तिकीटवाली. ऑपरेशन कधी आहे?"

"उद्या सकाळी आठला. रविवारी तपासण्यांत अडकले, फोन घेता आला नाही, म्हणून तर लिहिलं त्याला."

"त्यांना वाटलं, होऊन गेलं."

ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली. "मठ्ठ आहे तो. लहानपणापासून मठ्ठ. त्याला म्हणावं, उगाच खर्चात पडू नको."

"तुम्ही आता एक शब्द बोलायचा नाही," मी म्हटलं. "आवाज जपून ठेवा. संध्याकाळी लागणार आहे."

म्हटलं खरं, पण घड्याळात साडेअकरा झाले होते. सरळ जाणारं विमान दोनचं होतं आणि आयत्या वेळी त्याचा भाव असा चढलेला की पाहुण्याचा चेहराच उतरला. "एवढे नाहीत माझ्याकडे," हळूच म्हणाला. मला त्याचा नाही, त्या विमानवाल्यांचा राग आला. अशा वेळी मी गावाचं नाव टाकत नाही, आजूबाजूची छोटी धावपट्टी शोधते. सापडली. पावणेदोनचं लहान विमान, उतरून दीड तास बस, सहापर्यंत दवाखान्यात. भाव त्याला झेपण्यासारखा. पासपोर्टावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच टाकलं, नंबर माझा दिला, कार्ड दुकानाचं घातलं, त्याच्याकडून रोख घेतले. तिकीट निघालं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण स्वस्त तिकिटावर सात किलोच्या वर सामान चालत नाही. कपाटाएवढ्या बॅगेकडे बघून तो गडबडला.

"राहू द्या इथंच. मी काय ते घालून मिरवणार आहे?" एक सदरा, औषधं आणि पाटी पिशवीत कोंबून मी त्याला किल्लीवाल्याच्या स्कूटरवर बसवून दिलं.

मग तीन आठवडे ती बॅग माझ्या पायात येत होती. फोन करून विचारायचा धीर काही मला झाला नाही.

एका सकाळी तो दारात उभा. मी म्हटलं, "पाणी घ्या."

"आवाज गेला," तो म्हणाला. "ती छान आहे."

"आणि त्या दिवशी? बोलणं झालं?"

"सव्वासहा ते साडेनऊ. नर्सने हाकललं तोवर. पहिला तासभर मला नुसती रागावत होती. मग आईबद्दल विचारलं. मग मला काल, परवा, तेरवा शिकवलं, दोन्ही बाजूंनी." त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. "सकाळी आत नेताना मी म्हटलं, काहीतरी बोल. तर म्हणाली, परत जाताना बस चुकवू नकोस म्हणजे झालं. हेच शेवटचं."

मी माझंच नाक पुसलं आणि त्याच्यावर खेकसले, "मग परत कधी येताय? आत्ता काढलंत तर स्वस्त पडेल."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोटो आला होता. तीच पाटी, तिच्यावर मोठमोठी, रागावलेली अक्षरं. त्याने वाचून दाखवलं.

"डॉक्टरांनी परवा बोलावलंय. पुढच्या परवा. मठ्ठा, कळलं का?"

वाचताना त्याचा आवाज अगदी तिच्यासारखा चढला. शेजारचा किल्लीवाला परत डोकावून गेला.