टाचेचा ठसा

"पाप्पा, हळूं! खालीं बघून चाल, राजा!" ताराबाईवैनी ओरडत होत्या आणि त्यांची दीड वर्षाची नात हरिप्रिया, सगळ्यांची पाप्पा म्हणजे बाळ, पायांना तांदळाचं ओलं पीठ फासून, उंबऱ्यापासून देवघराकडे निघाली होती. भुवना, म्हणजे तिची आई, मागून तिच्या काखांत हात घालून होती.

गोकुळाष्टमीला आमच्या तंजावुरात घरोघरी बाळकृष्णाची पावलं काढतात. बाकीचे लोक मूठ पिठात बुडवून कडेने ठसा उमटवतात आणि वर बोटं काढतात. पण अनिरुद्धरावाचं सगळं साग्रसंगीत. घरात नात असताना मुठीचे पाय कशाला? खरेच पाय उमटवायचे आणि वीस माणसांना बोलावून ते दाखवायचे.

अनिरुद्धराव, म्हणजे वैनींचा नवरा, माझा चुलत भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तालुका कचेरीतून निवृत्त झाला, पण बोलणं असं की जणू राजवाड्यातूनच निवृत्त झालाय. दिवाणखान्यात मोडीतला एक जुना कागद काचेत लावून ठेवलाय. घरात कुणाला मोडी येत नाही, देवनागरीही धड येत नाही. घोड्यांच्या चाऱ्याची यादी असेल ती, कुणी सांगावं? पण आल्यागेल्याला त्याखाली उभं करून घराण्याची थोरवी ऐकवायची. त्या घराण्यातला मी, गणेशकुमार, दक्षिण वीथीतल्या चपलांच्या दुकानात एकतीस वर्षं स्टुलावर बसून लोकांच्या पायांत चपला घालतो. हे त्याला सांगायची लाज वाटते. पाहुण्यांना तो म्हणतो, "गणेशाचा लेदरचा बिझनेस आहे."

तर पोरगी चालली. फरशीवर पांढरी पावलं उमटली. डावं पाऊल पुरं, टाचेसकट. उजव्याची नुसती पाच बोटं आणि चवड्याची कड. पुन्हा डावं पुरं, पुन्हा उजव्याची बोटं.

"पाहिलांत?" अनिरुद्धराव पाहुण्यांकडे वळला. "टाच टेकतच नाहीं! अंगांतच नाच आहे पोरीच्या. पांच वर्षांची होऊं दे, पायांत सलंगै, घुंगुर बांधून गुरूपुढें उभी करतों. पहिला नाच, अरंगेट्रम, मोठ्या देवळांतच!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. प्रसादाच्या तळलेल्या गोळ्या, फुकटची सीडै खायची असली की माणसं कशालाही मान डोलावतात. मी मात्र पावलांकडेच बघत होतो. एवढ्यात पोरीने डाव्या हाताने ताटलीतली सीडै उचलली आणि ताराबाईवैनींनी तिच्या त्या हाताला रुमाल गुंडाळायला घेतला.

"अय्यो, पुन्हां डाव्या हातानें उचलूली. देवाचा दिवस आहे. उजवा हात कोठें गेला तुझा?"

उजवा हात होता तिथेच होता. छातीशी मुडपलेला, मूठ आवळलेली, अंगठा मुठीच्या आत. रुमाल बांधल्यावर पोरीने ताटलीकडे तोंडच नेलं आणि सगळे हसले.

मला राहवलं नाही. "अण्णा," मी म्हणालो, "नाच असता तर दोन्हीं पायांत असता. एकाच अंगाला हात आंवळतो, त्याच अंगाला टाच उचलते. एवढ्या वयांत मूल एकाच हाताचें, डावखुरें, नसतें. डाक्टरास दाखव."

अनिरुद्धरावाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर माझ्या चपलांवर आणून ठेवली.

"चपला विकणारा आम्हांस पाय शिकवूलास काय? आमच्या घराण्यांत लंगडें पांगळें कोणी जन्मलें नाहीं. सीडै खा आणि जा."

सगळे पुन्हा हसले. मी सीडै खाल्ली नाही, नुसता उठून आलो. वाटेत मनात म्हटलं, मरू दे. ज्यांना डोळे असून दिसत नाही त्यांच्या दारात मी कशाला उभा राहू? गरज पडेल तेव्हा येतील माझ्या स्टुलापाशी, नाक मुठीत धरून.

हा माझा बाणेदारपणा बरं का. मोठा अभिमान वाटला होता मला त्याचा तेव्हा.

पायांचं म्हणाल तर मी डॉक्टर नाही. पण एकतीस वर्षांत जुन्या चपला पाहून मला माणूस कळतो. कोण पाय घासतो, कोणाचा गुडघा गेलाय, कोण नसलेल्या वजनाचा तोरा मिरवतो. लहान मुलाची एकच चप्पल पुढून झिजली की मी आईबापांना सांगतो. निम्मे ऐकतात, निम्मे रागावून शेजारच्या दुकानात जातात. अनोळखी माणसांना मी हे सांगत होतो. स्वतःच्या भावाच्या नातीसाठी मात्र मानापमान धरून बसलो.

आठ महिने गेले. एप्रिलातल्या एका दुपारी भुवना एकटीच पोरीला घेऊन दुकानात आली. तिचा नवरा वैद्यनाथ होसूरला नोकरीला, महिन्यातून दोनदा येणारा. तिने पिशवीतून पोरीच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. डावीचा तळ नव्यासारखा, उजवीचा पुढून झिजून आरपार, आणि टाचेकडे दुकानाचा छाप अजून जशाचा तसा.

"काका, त्या दिवशीं तुम्हीं बोललांत तें बरोबर आहे कीं काय?" तिने उजव्या चपलेच्या भोकात बोट घातलं. "घरीं सांगितलें तर सासूबाई म्हणतात, डावखुरी आहे, सुटेल. रोज रुमाल बांधूले आहेत. पाप्पा दोन्हीं हातांनीं एक चेंडू धरीत नाहीं, काका. जिना चढतांना उजवा पाय मागून ओढते. माझी मैत्रीण म्हणाली, तिची मुलगी या वयांत पळते."

"मग एवढे दिवस कां आली नाहींस?"

"तुम्हीं पुन्हां बोललां नाहींत," ती म्हणाली. "मज वाटलें, तसें कांहीं नसेल."

हे तिने साधेपणाने सांगितलं. मला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

मी मालकाला सांगून तसाच निघालो. सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथल्या अखिला मॅडम हातापायांचे उपचार करणाऱ्या. त्यांनी आधी पोरीशी अर्धा तास खेळच केला आणि मग मराठीत नाही, तमिळमध्ये, अगदी हळू सांगितलं. मेंदूच्या एका बाजूला जन्माच्या सुमारास काही इजा झाली असावी. पोटरीचा स्नायू ताठ आहे, हात आखडतो. बरं होईल का, असं विचारू नका, किती वापरता येईल ते बघू. रोज ताणायचं, रोज खेळवायचं, टाच खाली राहावी म्हणून पायाला प्लास्टिकची कडक पट्टी लावायची.

"थोडं आधी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "सात-आठ महिने आधी."

भुवनाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनी भुवनाच्या पिशवीतून तोच रुमाल काढला आणि एक टोक पोरीच्या डाव्या हातात, एक उजव्या मुठीत सरकवलं. "ओढ बघू!" पोरगी खिदळत ओढायला लागली. त्या रुमालाने पहिल्यांदा काही कामाचं केलं.

पट्टी घातलेल्या पायाला चप्पल एक नंबर मोठी लागते. मी दोन जोड्या फोडून तिला एक जोडी करून दिली. उरलेल्या दोन विजोड चपला फळीवर ठेवल्या आहेत. मालक रोज म्हणतो, फेकून दे. मी फेकत नाही.

अनिरुद्धरावाने काय केलं? काही नाही. भुवनाने वैद्यनाथला फोनवर सगळं सांगितलं आणि तो म्हणाला, जा, मी आहे. तेव्हा म्हाताऱ्याचं चालेना. मग त्याने शेजारीपाजारी सांगितलं, नाचासाठी पोरीला खास व्यायाम चालू केलाय. असा माणूस. त्याच्यावर थुंकायलाही तोंड कोरडं पडतं. पण मी तरी कोणता मोठा? तो पोकळ घराण्यापायी गप्प बसला, मी पोकळ अपमानापायी.

या वर्षीही गोकुळाष्टमीला वीस माणसं आली. मला त्याने बोलावलं नव्हतं, भुवनाने बोलावलं. "काका, तुम्हीं हवे आहांत," एवढंच. हरिप्रियाची पट्टी काढून पाय पिठात बुडवले. आता तिला काखांत धरावं लागत नाही, भुवनाने फक्त एक बोट दिलं होतं.

डावं पाऊल पुरं. उजव्याची बोटं. डावं पुरं. उजव्याची बोटं. देवघर जवळ येत चाललं आणि मी मनात शिव्या मोजत होतो, स्वतःलाच. मग उंबऱ्यापासूनच्या अकराव्या पावलाला पोरगी थबकली, कृष्णाकडे बघून हसली आणि तिने उजवा पाय टेकला. पाय उचलला तेव्हा बोटांच्या मागे, थोडी जागा सोडून, रुपयाएवढा पांढरा ठसा होता.

कुणी पाहिला नाही. "चला, पानें मांडलीं," वैनींनी हाक दिली आणि पाहुणे पिठातून पाय देत जेवायला निघाले. मी पुढे होऊन त्या ठशापाशी उकिडवा बसलो आणि दोन्ही हात त्याच्या कडेने धरले. मला तसं बसायची सवय आहे.

सगळ्यांत शेवटी अनिरुद्धराव आला. माझ्यासमोर थांबला, माझ्या हातांमध्ये वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने धोतर वर उचललं आणि भिंतीला धरून, वळसा घालून गेला.